चाकावरचा परका हात

दलित साहित्याच्या चर्चेत आपण शब्दाचा विचार पुष्कळ केला. जलसा, शाहिरी, कविता, आत्मकथन यांवर आपल्या नियतकालिकांनी पानेच्या पाने खर्ची घातली आणि ते आवश्यकच होते. हाताच्या कौशल्याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झाला नाही. त्याला सबळ कारण आहे. ज्या माणसांच्या गळ्यात काम हे जन्माबरोबरच बांधले गेले, ती माणसे कारागिरीच्या गौरवगीतांकडे संशयाने पाहणारच. १९५६ च्या धर्मांतरानंतर वऱ्हाडातल्या गावोगावच्या बौद्धांनी मेलेली गुरे ओढणे सोडले, गावकीची कामे नाकारली. तो नकार माणूसपणाचा होता आणि त्याची किंमत त्यांनी बहिष्कार सोसून दिली. परंतु त्या नकारानंतरचा एक प्रश्न अजून तसाच उभा आहे. बापजाद्यांचे काम नाकारण्याचा हक्क आपण मिळवला. दुसऱ्याच्या बापजाद्यांचे काम शिकण्याचा हक्क आपण वापरला काय?

डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे दाखवून दिले. हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. त्याच विवेचनातला दुसरा मुद्दा मात्र सांगायचा राहून जातो. एखाद्या धंद्याची मागणी घटली तरी त्यात जन्मलेल्या माणसाला दुसऱ्या धंद्यात शिरता येत नाही, आणि म्हणून जात ही बेकारीचेही कारण ठरते, असे त्यांनी म्हटले होते. म्हणजे धंदा सोडण्याच्या स्वातंत्र्याइतकेच धंदा निवडण्याचे स्वातंत्र्य मोलाचे आहे. मातीच्या भांड्यांच्या इतिहासात हे स्वातंत्र्य कोणाला, केव्हा आणि किती मिळाले, ते मी येथे पाहणार आहे.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. मी अकोल्यात चित्रकला शिकवतो आणि गेली काही वर्षे शिबिरांतून, बाहेरून येणाऱ्या कलावंतांच्या हाताखाली मातीकाम शिकत आलो आहे. ही मंडळी प्रयोग शिकवतात. भांडे हजार अंशांच्या आसपास तापवायचे, लालबुंद असतानाच चिमट्याने बाहेर काढायचे आणि लाकडाच्या भुशात पुरायचे. भुसा पेटतो, झाकण घातले की हवा तुटते, आणि जेथे लेप नाही तेथे माती काळी पडते, तांब्याचा लेप असेल तेथे धातूची चमक येते. ही ‘राकू’ पद्धत. दुसरा प्रयोग राखेच्या लेपाचा. राख चार भाग, फेल्डस्पार चार भाग, पांढरी माती दोन भाग, असे मिश्रण पाण्यात कालवून भांड्यावर चढवायचे आणि बाराशे अंशांच्या पुढे तापवायचे. त्याची काच होते. आमच्या पहिल्या शिबिराला आलेल्या पाहुण्या बाईंनी हे प्रमाण खडूने फळ्यावर लिहिले आणि सर्वांना उतरून घ्यायला सांगितले. आम्ही पऱ्हाटीची राख वापरून पाहिली, मग तुराटीची. दोन्हींचे रंग वेगळे आले. ज्या राखेने आमच्या आयाबायांनी जन्मभर भांडी घासली, तिची काच होते हे आम्हाला त्या दिवशी कळले.

अकोल्याच्या काळ्या मातीची अडचणही तेथेच समजली. ही कपाशीची माती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि भेगाळते. म्हणून आपल्याकडचा कुंभार तिच्यात लीद, राख, वाळू मिसळतो आणि भांडे उघड्या आव्यात सातशे-आठशे अंशांपर्यंत भाजतो. त्या आचेला मातीची काच होत नाही. भांडे सच्छिद्र राहते, पाणी झिरपते, आणि म्हणूनच उन्हाळ्यात माठाचे पाणी गार लागते. गुण आणि दोष एकाच छिद्रात आहेत.

आपल्या दृष्टीने या छिद्राचा इतिहास महत्त्वाचा आहे. धातूचे भांडे विटाळले तर घासून, विस्तवात घालून शुद्ध होते. मातीचे भांडे विटाळले तर टाकून द्यावे लागते, अशी रूढी होती. माती शोषून घेते, म्हणून विटाळही शोषून घेते, असा तिच्यामागचा तर्क. या तर्काने अस्पृश्याला बाजारात मडके निवडण्याचाही हक्क ठेवला नाही. मडके वाजवून घ्यावे, ही आपल्या भाषेतली शहाणपणाची शिकवण. माझी आजी सांगे, “आमाले कायचं वाजवून पाहाची सोय! बोट दाखवाचं, पैसे खाली ठेवाचे अन् त्यानं सरकवलं ते उचलाचं. फुटकं निंघालं त आपलं नशीब.” तिने हात लावला की मडके तिचे झाले, कारण मग ते दुसरे कोणी घेत नसे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर थुंकी पडू नये म्हणून अस्पृश्याच्या गळ्यात मडके आले, हे डॉ. आंबेडकरांनी त्याच १९३६ च्या ग्रंथात सांगितले आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, तेव्हा सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून आणि पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. मातीच्या भांड्याने आपल्याला फार काळ आपली पायरी दाखवली आहे.

मग काचेचा लेप असलेली चिनी मातीची कपबशी गावोगावच्या हॉटेलांत आली. तिच्यात छिद्र नाही. ती काही शोषत नाही, धुतली की स्वच्छ होते. रूढीचा तर्क प्रामाणिक असता, तर या कपाबरोबर विटाळ संपायला हवा होता. तसे झाले नाही. दलितांसाठी कानतुटका कप वेगळा ठेवला गेला, बाहेर कोनाड्यात, आणि तो ज्याचा त्याने विसळायचा. म्हणजे विटाळाचा आधार मातीचा गुणधर्म कधीच नव्हता. भट्टीचे रसायनशास्त्र शिकताना मला मिळालेला हा पहिला सामाजिक धडा आहे, आणि विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने तो वर्गात सांगावा असे मला वाटते.

आता इतिहासाकडे वळू. ‘प्रयोगशील’ म्हणून जे तंत्र आपल्याला आज पाहुणे शिकवतात, त्याचे मूळ तत्त्व विदर्भाच्या जमिनीत पुरलेले आहे. नागपूरच्या आसपास माहूरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा येथे महापाषाणीय शिलावर्तुळांची उत्खनने झाली. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दफनांत लोखंडी हत्यारांबरोबर काळी-तांबडी भांडी मिळाली. आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. भांडे राखेत किंवा भुशात पालथे घालून भाजले की आतल्या बाजूला हवा पोचत नाही. तेथे मातीतले लोह आणि धूर मिळून काळा रंग धरतो आणि बाहेर हवेतले लोह तांबडे होते, अशी संशोधकांनी त्याची उपपत्ती दिली आहे. भुशात पुरलेल्या राकूमागे हेच तत्त्व आहे. हे सांगताना मला पूर्वजांचा पोकळ अभिमान मिरवायचा नाही. त्या कुंभारांची जात कोणती होती हे कोणी सांगू शकत नाही, आणि तेच मला महत्त्वाचे वाटते.

पुढे हे ज्ञान जातीच्या घरात कोंडले गेले. कुंभार बलुतेदार झाला. त्याचे चाक त्याच्या मुलाकडे गेले, दुसऱ्याकडे जाऊ शकले नाही. त्या बदल्यात त्याला धान्य मिळाले, मान मिळाला नाही; गाढवे बाळगतो म्हणून वरच्यांनी त्यालाही कमीच लेखले. आणि त्याने आमच्या आजीला मडके दुरूनच सरकवले. पायऱ्यांची विषमता ती हीच. प्रत्येकाच्या खाली एक पायरी आहे, म्हणून कोणीच जिना मोडत नाही.

हा कोंडमारा मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न सरकारी कलाशाळेने केला. १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. १८७० च्या दशकात तिचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी तेथे लेपाच्या भांड्यांचे काम उभे केले. त्यासाठी सिंधमधून कुंभार आणले गेले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. निळ्या-हिरव्या काचलेपाची विद्या सिंधच्या कुंभारांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, मुंबईकडे नव्हती. म्हणजे आपल्या प्रांतातल्या या आधुनिक प्रयोगाचा पाहुणा शिक्षक स्वतः कुंभारच होता. परंतु त्याला पाहुण्याचा मान मिळाला नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या काळची भांडी आजही आहेत. त्यांच्याबरोबर शाळेचे नाव टिकले, टेरींचे नाव टिकले. चाक फिरवणाऱ्या हातांची नावे बहुतेक बुडाली.

या भांड्यांवर काय रंगवले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. तेथली वेलबुट्टी, तिथल्या आकृती मुंबईच्या फुलदाण्यांवर उतरल्या आणि परदेशी दिवाणखान्यांत गेल्या. भगवान बुद्धाच्या लेण्यांतली कला कुंभाराच्या हाताने बाजारात आली. पण ज्यांना पुढे त्या बुद्धाचा धम्म जवळचा वाटला, त्यांच्या मुलांना तेव्हा साध्या अक्षरशाळेत बसता येत नव्हते. कलाशाळा निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, याच मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेने प्रवेश नाकारला होता. दार उघडले होते खरे, पण त्या दारापर्यंतचा रस्ता सर्वांसाठी नव्हता.

तरीही त्या शाळेने एक गोष्ट केली, तिचे श्रेय नाकारता कामा नये. १९१० साली तेथे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाची कार्यशाळा आणि प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिच्यात सर्वांत आधी भांडीकलेचाच अभ्यास हाती घेतला गेला. कुंभाराघरचे अंदाज तेथे तराजूवर आले. मुठीचे माप ग्रॅमात उतरले, की ते मूठ नसलेल्यालाही वापरता येते. मी याला लोकशाहीची घटना मानतो. आपल्या वऱ्हाडाच्या वाट्याला मात्र हे आले नाही. १८५३ पासून वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०३ नंतर मध्यप्रांताला जोडला गेला. मुंबईची कलाशाळा आमच्यासाठी परप्रांतातली होती. इंग्रजांना आमच्याकडून कापूस हवा होता. अकोल्याला त्यांनी जिनिंग आणि रेल्वे दिली.

विदर्भात ही विद्या आली ती गांधीवाद्यांच्या मार्फत. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत ग्रामोद्योगांच्या प्रयोगांची घडी बसवली. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला नयी तालीमचे कलाशिक्षक म्हणून आले, मुलांबरोबर मातीत बसले, आणि पुढे देशातले एक मोठे भांडीकार म्हणून ओळखले गेले. १९६२ मध्ये ते युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठी लंडनला गेले. याच वर्ध्याच्या परंपरेतले कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ उभा केला आणि तेथे कुंभारकामाच्या प्रशिक्षणाचे केंद्र घडवले. जागाही योग्य निवडली होती. चंद्रपूर-वणीच्या कोळशाच्या पट्ट्यात मोठी आच सोसणारी माती मिळते. अकोल्याच्या काळ्या मातीला ते साधत नाही.

या मंडळींशी आपला मतभेद जुना आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या उदात्तीकरणावर जो प्रहार केला, तो आपण विसरलेलो नाही. कुंभाराचे चाक सुधारले म्हणजे कुंभारवाडा आणि महारवाडा यांमधले अंतर सुधारत नाही. ग्रामोद्योगाच्या विचाराने कारागिराला चांगली भट्टी दिली, परंतु कारागीर जन्माने ठरावा की निवडीने, या प्रश्नाला तो विचार पुरेसा भिडला नाही. तथापि मिरमिरांसारख्यांनी कुंभारकामाचा अभ्यासक्रम केला, त्याला वर्गाचे आणि मुदतीचे रूप दिले, हे जातीच्या तर्काविरुद्धच गेलेले पाऊल होते. अभ्यासक्रम बापाकडून मिळत नाही. तो भरतीने मिळतो. विचार पटला नाही तरी साधन घ्यावे, अशा मताचा मी आहे.

गुप्त विद्या फक्त आपल्याकडेच होती असे नाही. आज राकूचे नाव घेताच जपानचे नाव येते. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये ती पद्धत ज्या चोजिरोच्या हातून रूढ झाली, तो छपरांची कौले घडवणारा होता. १९११ साली तोक्योमध्ये बर्नार्ड लीच या इंग्रज तरुणाने राकूची भट्टी पाहिली आणि तो सहाव्या केंझानचा शिष्य झाला. केंझान घराण्याची लेपांची प्रमाणे ही वारशाने, लेखी वारसपत्रातून एका हातातून दुसऱ्या हातात जात. म्हाताऱ्या गुरूने ते पत्र या परदेशी शिष्याला दिले, आणि लीचने १९४० मध्ये ‘अ पॉटर्स बुक’ लिहून अशी प्रमाणे जगासाठी छापून टाकली. आपले गुरुचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले, तेथे लीच आणि हामादा यांच्या सहवासात आले. पण त्याआधी आणि त्यानंतरही दिल्लीच्या अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभाराला ते आपला गुरू मानत आले. १९५२ साली त्यांनी ‘दिल्ली ब्ल्यू पॉटरी’ सुरू केली. पुदुच्चेरीत १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघा अमेरिकनांनी ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ उभारली आणि तेथून भारतीय भांडीकारांची एक पिढीच तयार झाली. आज गावोगाव येणारे पाहुणे कलावंत अशाच केंद्रांच्या परंपरेत वाढले आहेत. या साखळीत ज्ञान पुढे सरकले ते गुप्तता मोडून.

पण गुप्तता मोडणे एवढ्यानेच न्याय होत नाही. यासाठी अमेरिकेतल्या एका माणसाची आठवण आपल्या वाचकांना करून देतो. दलित पँथरने १९७२ साली ब्लॅक पँथरचे नाव घेतले तेव्हापासून काळ्यांचे साहित्य आपल्याला आपले वाटते. त्यांचा हा कुंभारही आपला आहे. साउथ कॅरोलायना राज्यातल्या एजफिल्ड भागात डेव्ह नावाचा गुलाम भांडी घडवीत असे. राखेच्या लेपाची, माणसाला कवेत न मावणारी मोठमोठी रांजणे. १८३४ मध्ये त्या राज्याने गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे कायद्याने गुन्हा ठरवले. डेव्हने ओल्या रांजणावर आपले नाव कोरले, तारीख कोरली, कधी स्वतः रचलेल्या दोन ओळी कोरल्या आणि भट्टीत भाजून त्या कायमच्या केल्या. स्वातंत्र्यानंतर तो डेव्हिड ड्रेक झाला. मालकांच्या हिशेबवह्या कोणाला आठवत नाहीत. डेव्हची रांजणे आज मोठ्या संग्रहालयांत त्याच्या नावाने उभी आहेत. मुंबईच्या फुलदाण्यांवर जे नव्हते ते या रांजणांवर आहे. कारागिराचे नाव.

आपल्या शिबिरांची स्थिती या कसोटीवर पाहावी. मी गेलो त्यांपैकी एका शिबिरात शेवटच्या दिवशी तालुक्यातल्या एका वृद्ध कुंभाराला ‘प्रात्यक्षिका’साठी बोलावले होते. त्यांनी थापीने ठोकत अर्ध्या तासात घागरीचे पोट असे फुगवले की पाहुणे कलावंत आपली वही काढून टिपणे घेऊ लागले आणि सगळ्यांदेखत त्यांना ‘गुरुजी’ म्हणाले. आयोजकांच्या पत्रकात मात्र पाहुण्यांचे नाव, पदवी आणि छायाचित्र होते. म्हाताऱ्यांच्या जागी ‘स्थानिक कारागीर’ एवढेच शब्द. मानधनातला फरकही तेवढाच होता. त्या शिबिराची फी अशी होती की माझ्या वर्गातली तीन मुले नाव नोंदवून परत आली. मुंबईची १८७० ची कथा आणि ही कथा यांत अंतर दीडशे वर्षांचे आहे. रचना तीच आहे. त्या म्हाताऱ्यांनी जाताना मला विचारले, “तुमचं आडनाव काय?” मी सांगितले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “हात चांगला हाये तुमचा. या घरी, थापी कशी धरतेत ते दाखवतो.” मी गेलो. त्यांच्या अंगणात बसून शिकलो आणि त्यांच्याच माठातले पाणी प्यालो.

हे एका माणसाचे मोठेपण झाले. समाजाला मोठेपणावर अवलंबून ठेवता येत नाही, व्यवस्था लागते. म्हणून काही ठोस गोष्टी सुचवतो. अकोला-अमरावतीच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थी संघटनांनी त्यांवर विचार करावा.

पाहुणे कलावंत बोलावताना घरच्या कुंभाराला त्याच मंचावर, त्याच मानधनावर, पूर्ण नावानिशी बोलवावे. शिबिरात सांगितलेले प्रत्येक प्रमाण मराठीत छापून फुकट वाटावे. शिबिराच्या जागांत दलित, आदिवासी आणि कारागीर जातींच्या मुलांचा वाटा आधी ठरवावा, फी नंतर. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. पिकासाठी माती तपासणाऱ्या या शहरात भांड्यासाठीही माती तपासली जावी. आपल्या पायाखालचा काळा पाषाण दळला तर तोही मोठ्या आचेला वितळून गडद तपकिरी-काळा लेप होतो; त्याचे प्रयोग आमच्या मुलांनी करावेत. आणि कलेच्या नादात श्रमिकाचे फुप्फुस विसरू नये. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. म्हणून भट्टीघर कोरडे झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे, कोरडे मिश्रण करताना मुखपट्टी बांधावी. हे कलेच्या पहिल्या पाठात शिकवले गेले पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, गावात अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही मडकी घडवायला सांगता! मी मडकी घडवायला सांगत नाही. रसायन शिकायला, भट्टी चालवायला, आणि ज्या ज्ञानावर जातीचे कुलूप होते ते ज्ञान हिसकावण्याऐवजी त्याच्या मूळ धन्याला नाव देऊन शिकायला सांगतो. कुंभाराच्या मुलाने संगणक शिकावा आणि महाराच्या मुलीने चाक फिरवावे, हे दोन्ही एकाच हक्काचे भाग आहेत. जन्माने मिळालेले काम सोडून आवडीने निवडलेले काम ज्या दिवशी कोणीही, कोणाच्याही शेजारी बसून, शिकू शकेल, त्या दिवशी श्रमिकांची विभागणी मोडायला सुरुवात झाली असे म्हणता येईल. आमच्या शाळेतल्या एका मुलीने गेल्या वर्षी घडवलेल्या पहिल्या वाडग्याच्या बुडाशी खिळ्याने आपले पूर्ण नाव कोरले. आडनावासकट. वाडगा थोडा वाकडा आहे, पण वाजवला तर खणखणीत वाजतो.